मंजूच्या गळ्यातली पिशवी

सोमवार, संध्याकाळ

मंजूनं भाकरी प्लास्टिकच्या पिशवीत आणली, म्हणून आज वर्गात मी तीच पिशवी तिच्या गळ्यात अडकवून तिला बाकांमधून फिरवलं. पोरं खिदळली. मीही हसले. त्याशिवाय प्लास्टिकची सवय सुटते का यांची? नंतर पिशवी शिपायाला जाळायला दिली.

आत्ता तिची आई नेहमीसारखी मासळी घेऊन दारात आली. म्हणाली, "बाई, ती पिशवी द्या ना. वरीसभर धुवून, बोंबलांसोबत सुकवून तीच वापरतो आमी. नव्या फक्त गिऱ्हाइकाला."

"जाळली," म्हटलं.

तिनं बोंबील दिले, एकात एक घातलेल्या दोन कोऱ्या पिशव्यांत. एकदा पाणी गळून माझी साडी भिजली, तेव्हापासून मीच तिला तशी तंबी दिलीय.