शून्य कुठे लावायचं

४ फेब्रुवारी
आलो एकदाचा! नोकरी पक्की, राहायला कंपनीचं घर. एक खोली वर, एक खाली. समोर पडीक जमीन. पूर्वी तिथे कारखाना होता, यंत्रांचे भाग धुवायचं रसायन वर्षानुवर्षं मातीत मुरलं. आता पाइप पुरलेत. पंप त्यांतून वाफ ओढतो, कोळशाच्या पिंपांतून गाळून सोडतो. मी पंपावर नजर ठेवायची आणि मीटरने घरातली हवा तपासायची.

जुने ऑपरेटर निवृत्त होताहेत. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांनी तीनतीनदा बजावलं, की मीटरला रोज शून्य लावायचं ते टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी, स्वच्छ हवेत. खाली लावलं तर तो इथल्या घाणीलाच शून्य समजेल. हो हो म्हटलं. म्हाताऱ्या माणसांना एकच गोष्ट दहादा सांगायची हौस असते.

९ फेब्रुवारी
ताई आली. आजारपणानंतर तिला विश्रांती हवी होती. भावजी नको म्हणत होते, मीच हट्ट धरला. खालची खोली गार, तीच तिला दिली. आल्याआल्या पदर खोचून पसारा आवरला आणि विचारलं, की इथे माणूस राहत होता की उंदीर? मग समोर बोट दाखवून हळूच म्हणाली, की ते विष घरात येत नाही ना? मीटर दाखवला. शून्य. निर्धास्त झाली.

१७ फेब्रुवारी
सकाळी टेकडी चढायची म्हणजे अगदी जिवावर येतं. ताईचा चहा खाली तयार असतो, म्हणून गेले काही दिवस शून्यही तिच्याच खोलीत लावतोय. कोण बघतंय? आकडे छान येताहेत.

२० फेब्रुवारी
कंपनीच्या साहेबांनी पंप थांबवला आणि किल्ली घेऊन गेले. पंधरा दिवस घरातल्या हवेचा आकडा शून्य राहिला, तर जमीन साफ झाली म्हणायचं. घरघर थांबली, कान सुखावले. ताईला गोडसर वास येतो म्हणे. मला नाही. तुझं नाक अजून आजारी आहे म्हणून चिडवलं. हसली बिचारी.

२६ फेब्रुवारी
ताईचं डोकं ठणकतंय. म्हणते, दुपारी पडलं की कुणीतरी पायाशी येऊन बसतं आणि गोड श्वास सोडतं. खाटेखाली वाकून बघितलं. मुंग्या मेलेल्या, रांगेतल्या रांगेत. मीटर शून्य.

१ मार्च
मीटर खिशात घेऊनच दुकानाकडे गेलो. रस्त्यावर आकडा शून्याच्या खाली गेला. उणे! स्वच्छ हवेत उणे कसं? मास्तरांचं बोलणं आठवलं. टाकीवर धावत गेलो, शून्य लावलं, खाली आलो. ताईच्या दारातच आकडा चढायला लागला. खाटेजवळ शंभराच्या वर. फरशीच्या भेगेशी त्याच्या दुप्पट.

माझ्याच हाताने केलं मी हे.

साहेबांना सांगायला हवं. पण सगळ्या अहवालांवर माझी सही आहे. नोकरी जाईल. ताईला वर झोपायला सांगितलं, ढेकणांचं निमित्त करून.

२ मार्च
ताई पुन्हा खालीच. वर उकडतं म्हणे. ढेकूण तर एक दिसला नाही, थापाड्या, म्हणाली. खरं सांगायला तोंड उघडलं आणि— उद्या. उद्या नक्की. खिडक्या तेवढ्या उघडून ठेवल्या.

३ मार्च, सकाळ
ताई उगाचच हसतेय. कप हातातून निसटला, तरी हसतेय. दुपारी साहेबांना फोन करतो. आधी काय बोलायचं ते—

३ मार्च, दुपार
धुळीमुळे तिने खिडक्या लावून घेतल्या होत्या. दाराला आतून कडी. दार फोडलं. उचलून टाकीपाशी आणलं. अँब्युलन्स निघालीय. डॉक्टरांना कळावं म्हणून लिहून ठेवतोय. फोनवर त्यांनी विचारलं, कधीपासून? मी म्हणालो, आजपासून. खोटं. शेवटपर्यंत खोटंच. पंप बंद होऊन अकरा दिवस झालेत. तेवढे दिवस ती—

श्वास चालू आहे. मीटर तोंडाशी धरलाय. ती श्वास सोडते तेव्हा आकडा वर जातो. मग खाली. मग वर. फार हळू.

डोळे उघडले! विचारतेय, शून्यच आहे ना रे?

हो म्हणालो. बरं म्हणून डोळे मिटले.

आकडा खाली आला. वर जात नाही. ताई— आता खरंच शू—