ताईच्या पोटावरचा पट्टा

मोताळा, मंगळवार, संध्याकाळ

काल लिहिलं की ताईचे सिझरचे टाके कोरडे आहेत. ते चूक. मी फक्त वरची कड पाहिली होती. तिचं पोट जड, त्याची घडी टाक्यांवर येते, आणि वरून आई जुन्या लुगड्याचा पट्टा घट्ट आवळते. आज पट्टा सोडून घडी उचलली, तर आत ओल, लाली.

"काऊन नाही सांगतलं वं ताई?"

"डॉक्टरीण आधी वजनावरूनच बोलन मले." हसली, मग रडली.

आई म्हणाली, "बाळंतिणीचं पोट बांधाच लागते." मीही आईकडून हेच शिकले. पण ती ओल... घामच असेल? नाही, वास होता. पट्टा पुन्हा बांधू दिला नाही. वजनावरून कोणी बोललंच तर मी बोलेन. ताईला दवाखान्यात नेणार उद्याच, बुधवारी सकाळी.