गाडी डावीकडे ओढते

प्रिय दादा,

गेले काही दिवस तुझी गाडी माझ्या गॅरेजमध्ये उभी आहे आणि तू तिची साधी चौकशीसुद्धा केली नाहीस. एरवी तुझी गाडी माझ्याकडे आली, की तू स्टूल ओढून माझ्या डोक्यावर बसतोस, मी कुठला पाना उचलला आणि कुठला उचलायला हवा होता यावर प्रवचन देतोस, आणि चहा माझाच पिऊन वर त्याला नावं ठेवतोस. या वेळी चिडीचूप. म्हणून मीच लिहायला बसले. पाकीट तुझ्या लेकीच्या हातात न देता पोस्टाने पाठवते आहे. तिला वाचू देऊ नकोस. निदान आधी स्वतः शेवटपर्यंत वाच.

लेकच गाडी घेऊन आली हे तुला माहीत असेलच. तुला ताप होता, म्हणून त्या दिवशी तुझ्या नातीला, मिरीला, शाळेत सोडायला तुझ्याऐवजी ती तुझ्या गाडीने निघाली. चौक ओलांडला आणि स्टिअरिंग जरा सैल सोडलं, तर गाडी सरळ फुटपाथकडे निघाली म्हणे. शाळेपर्यंत दोन्ही हातांनी धरून नेली. घरी येऊन तुला विचारलं, तर तू पांघरुणातूनच म्हणालास, की रस्त्याला उतार आहे. तिला ते पटलं नाही. आत्या, बाबा काहीही म्हणोत, तू एकदा बघ, असं म्हणत चावी माझ्या हातात ठेवली आणि पुढे म्हणाली, की गाडी नीट आहे असं आत्या म्हणाली तरच मी मिरीला त्या गाडीत बसवीन. ती तुझ्यासारखीच आहे, एकदा ठरवलं की ठरवलं. वहिनी गेल्यापासून सकाळी तू कशासाठी उठतोस, दाढी करतोस, इस्त्रीचा शर्ट घालतोस, ते तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. त्यामुळे गाडीत नेमकं काय बिघडलंय हे शोधणं माझ्यासाठी नेहमीसारखं काम नव्हतं.

गॅरेज ठीक चाललंय. मागची भिंत रंगवून घेतली. हवेचा पंप अजून तसाच बोंबलतो. नवा घे म्हणून सगळे मागे लागलेत, पण त्याचा आवाज थांबला की मला दुकान बंद पडल्यासारखं वाटतं. शेजारचा वेल्डर तुझी आठवण काढतो, म्हणजे तुझ्या शिव्यांची. तू गॅरेज माझ्या हाती सोपवून घरी बसलास त्याला आता बराच काळ लोटला, तरी जुनी गिऱ्हाइकं अजून आत डोकावून आधी मोठे भाऊ नाहीत का असं विचारतात. मी काय हवेत उभी असते का? पण तो वेगळा विषय.

तर गाडी. तू शिकवलंस त्याच क्रमाने गेले. पहिल्यांदा गोदामामागच्या सपाट आवारात नेली. तिथे उतार नाही, हे आपण दोघांनी पाण्याची पातळी लावून कधीच तपासून ठेवलंय. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेले, वळवून परत आले, दोन्ही वेळा हात सोडले. दोन्ही वेळा डावीकडे. म्हणजे रस्त्याचा उतार ही तुझी थाप होती, आणि तुला थाप मारता येत नाही हे मी लहानपणापासून बघते आहे. मग हवा तपासली. चारही चाकांत जितकी हवी तितकी. पुढच्या चाकांची अदलाबदल केली, कारण दोष टायरचा असेल तर गाडी उलट बाजूला ओढायला लागते. नाही लागली. पुन्हा डावीकडेच. मग वाटलं, डावा ब्रेक चिकटत असेल. बरंच अंतर ब्रेक न दाबता चालवली आणि उतरून दोन्ही चाकांना हात लावून बघितलं. दोन्ही सारखीच कोमट. गाडी उचलून चाकं हातानं फिरवली, ती पण कुरकुर न करता फिरली.

उरलं अलाइनमेंट, म्हणजे चाकं योग्य कोनात बसली आहेत का ते. मशिनवर चढवताना तुझी पद्धत आठवली. गिऱ्हाईक आत बसल्याशिवाय माप घ्यायचं नाही, हा तुझा नियम. तो मिठाईवाला आठवतो? बिचारा तीन-चार गॅरेजं फिरून आपल्याकडे आला होता. सगळीकडे गाडी ओके म्हणून परत, आणि हा घरी पोचेपर्यंत गाडी पुन्हा वाकडी. तू त्याला आत बसवलंस, त्याच्या वजनाने गाडी त्याच्या बाजूला केवढी खाली बसते ते त्यालाच आरशात दाखवलंस, आणि मग त्याला तसाच बसवून चाकं लावून दिलीस. तो आत घाम पुसत होता आणि मी पडद्यामागे जाऊन तोंडात फडकं कोंबून हसत होते. गाडी रस्त्यावर एकटी जात नाही, तिच्यात माणूस असतो, त्या माणसासकट ती सरळ गेली पाहिजे, असं तू तेव्हा मला म्हणालास. मी ते नंतर प्रत्येक गिऱ्हाइकाला माझंच म्हणून ऐकवलं.

मशिनने लगेच दाखवलं. डाव्या पुढच्या चाकाचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, चुकलेला. चाकाचा माथा बाहेर झुकलाय. खड्ड्यात आपटून असं होतं, म्हणून खाली बघायला गेले. कुठे मार नाही, काही वाकलेलं नाही. पण चाकाचा कल ज्याने बदलतो त्या बोल्टवर पिवळ्या रंगाची रेघ होती. ताजी. घट्ट केलेल्या नटवर पिवळ्या ऑइलपेंटची रेघ मारायची सवय या शहरात, माझ्या माहितीत तरी, एकाच माणसाला आहे.

माझ्या मनात पाल चुकचुकली. आधी वाटलं, तुझा हिशेब चुकला. वय झालं, चष्म्याचा नंबर वाढला, दादाने स्वतःच्याच गाडीची वाट लावली. खरं सांगते, जरा आनंदही झाला. आता तुला वर्षभर चिडवायला एक विषय मिळाला, असं वाटलं. मग दिवा जवळ धरला. बोल्टच्या डोक्याचे कोपरे झिजून गोल झाले होते. पाना पुन्हा पुन्हा निसटल्यावर होतात तसे. दादा, मी तुझ्या हाताखाली उभी राहून मोठी झाले, पण तुझ्या हातून एकाही बोल्टचं डोकं खराब झालेलं मी पाहिलं नाही. दुसऱ्याने केलं तर तू त्याला दिवसभर हाणायचास. तो बोल्ट फिरवायला दोन हात लागतात, एका हाताने नट धरायचा आणि दुसऱ्याने पाना. तिथे नटाच्या बाजूला लाकडाचा बारीक चुरा अडकला होता. कोणीतरी तिथे लाकडाचा ठोकळा घट्ट बसवून त्यालाच दुसऱ्या हाताचं काम दिलं होतं. पिवळी रेघसुद्धा थरथरत गेलेली.

मी बराच वेळ गाडीखालीच पडून राहिले. वेल्डरने येऊन विचारलं, झोप लागली काय बाई.

मग गाडी पुन्हा गोदामामागे नेली. काहीही न बदलता, तू लावलीस तशीच. डावा हात मांडीवर ठेवला. उजवा हात स्टिअरिंगवर उजवीकडे टाकला, नुसता वजनाने लोंबकळत, जसा एकाच हाताने चालवणाऱ्याचा असतो. हाताच्या ओझ्याने स्टिअरिंग उजवीकडे जायला बघतं, आणि गाडी तर डावीकडे ओढतच होती. दोन्हींची फिटंफाट झाली. या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी सरळ गेली, की दोरी धरून मापावी. तुझा हिशेब कुठेही चुकला नव्हता. गाडी माणसासकट सरळ जावी म्हणून तू ती लावलीस, आणि तुझं काम नेहमीसारखंच चोख होतं.

त्यानंतर एकेक गोष्ट आठवत गेली. गिअर नसलेल्या गाड्यांना तू आळशी लोकांच्या गाड्या म्हणायचास, आणि मग एक दिवस तसलीच घेऊन आलास. आम्ही म्हटलं, म्हाताऱ्याला हौस आली. मागच्या वेळी जेवायला आलास तेव्हा डावा हात सारखा खिशात. मी मनात म्हटलं, काय रुबाब आहे! मिरी तुझं संत्रं सोलून देत होती आणि तुझी बशीही तिनेच धरली होती. आम्हाला वाटलं, आजोबांचे लाड चाललेत. त्या पोरीला बहुतेक आमच्या सगळ्यांच्या आधी समजलेलं आहे, फक्त तिला हे सांगण्यासारखं काही आहे असं वाटत नसेल. फोनवरसुद्धा हल्ली तू मोठी वाक्यं टाळतोस. हं, बरं, बघू. माझ्याशी तर भांडतही नाहीस. मला वाटलं, तू निवळलास.

हात कधीपासून गेलाय, मला माहीत नाही. तू डॉक्टरकडे गेला नाहीस हे मात्र नक्की माहीत आहे, कारण गेला असतास तर त्याने आधी गाडी बंद केली असती. तू तेवढ्यासाठीच गेला नाहीस. मी तुझ्या जागी असते तर कदाचित हेच केलं असतं, आणि तुझ्याइतकं नीट मला जमलंही नसतं. पण शाळेच्या रस्त्याने एकदा मनातल्या मनात गाडी चालवून बघ. तुला शिंक आली. किंवा मिरीचा डबा पडला आणि तू उजवा हात उचललास. गाडी डावीकडे जाणार, आणि डावीकडे फुटपाथ आहे, त्यावरून सगळ्या वर्गाची पोरं दप्तरं घेऊन चाललेली असतात. तुला हे माझ्याआधी दिसलं असणार. तरी तू रोज निघालास. याचा मला राग येतो, दादा. फार येतो. आणि भीती वाटते ती त्याहून जास्त, कारण हात असा आपोआप जात नाही. आत कुठेतरी काहीतरी झालंय, आणि ते पुन्हा होऊ शकतं.

आता हे पत्र कशाला, ते. मी चाक सरळ लावलं आहे. बोल्ट नवे टाकले. आता गाडी दोन हातांनी धरणाऱ्या माणसासाठी सरळ जाते, तुझ्या हातात ती उजवीकडे जाईल, समोरून येणाऱ्या गाड्यांवर. तू पुन्हा ठोकळा लावून खाली शिरशील हे ओळखून चावी माझ्याकडेच ठेवली आहे आणि ती तुला मिळणार नाही. लेकीला मी अजून काही बोलले नाही. तिला एवढंच सांगितलंय, की एक पार्ट यायचाय. खरं तिला तुझ्या तोंडून कळू दे. रविवारी सकाळी मी येते आहे, गाडी घेऊन. डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली आहे. चालवणार मी, तू शेजारी बसून मला शिव्या घाल. तोपर्यंत तू लेकीला सांगितलं नसशील, तर तिथेच उभी राहून मी सांगेन. आणि एक कर. मी बेल वाजवली, की दार डाव्या हाताने उघड. उघडेल तेवढंच उघड, वेळ लागला तरी चालेल, मी बाहेर थांबते.

तुझीच,
धाकटी