तुमच्या वहीतलं शर्वरीचं गाणं

प्रिय अहो,

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. आज मन घट्ट करून तुमचं कपाट उपसलं आणि तळाशी तुमची रॅपची वही सापडली. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचंच आहे. निदान आता तरी तुम्ही मध्येच तोडणार नाही!

आठवतं, लग्नानंतर बंगळुरात, बनशंकरीच्या त्या दोन खोल्यांत तुम्ही टेपसमोर वही घेऊन बसायचात? तिथल्याच शिवाजीनगरच्या बाजारातून आणलेली कॅसेट लावायची, दोन ओळी ऐकायच्या, मागे घ्यायची, परत ऐकायची, लिहायचं. शब्द कळला नाही तिथे नुसती रेघ. मला वाटलं, खात्याची परीक्षा देताय. महिनाभर बदाम भिजवून दिले हो मी! कारखान्यात इस्त्रीचा शर्ट घालून जाणारा माणूस घरी हिप-हॉप उतरवून घेतोय, हे माझ्या माहेरी अजून कुणाला खरं वाटत नाही.

आणि तुमच्याच पोटी शर्वरी यावी! तीही रॅपच करणार, पण आजकालचा. काय भांडायचात दोघं!

"बाबा, तुमचा रॅप म्हणजे पाढे."

"आणि तुझा म्हणजे भूल उतरत असलेला पेशंट! शब्द कुठे आहेत त्यात?"

मला तर दोन्ही सारखेच वाटायचे. एकदा तसं बोलून गेले, तर दोघं एक होऊन माझ्यावरच उलटलात.

पण एक तुमचं चुकलंच. आवाज घुमू नये म्हणून कपाटात रजया लावून, आत गुदमरत तिने पहिलं गाणं रेकॉर्ड केलं. तुम्ही अर्ध्यातच हेडफोन काढलात. "सरी, सरी. ठीक आहे. स्वल्प, जरा स्पष्ट बोल," असं कानडी मिसळून म्हणालात आणि पिशवी घेऊन भाजीला गेलात. पोरगी केवढी हिरमुसली! पुढच्याच महिन्यात तुम्ही गेलात. त्यानंतर तिने गाण्याचं नाव काढलेलं नाही. "बाबांनी पूर्ण ऐकलंसुद्धा नाही," एवढंच म्हणायची. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी आज सकाळपर्यंत तुमच्यावर रागावलेली होते.

वहीच्या शेवटच्या पानांवर तिचं गाणं आहे. अख्खं! पेन्सिलीने, ओळ न् ओळ. मधे सतरा रेघा. किती वेळा ऐकलंत हो? आणि कधी? तिला नुसतं सांगायला काय झालं होतं?

संध्याकाळी ती कॉलेजातून आल्यावर वही हातात दिली. उभ्यानेच वाचत राहिली. मग खाली बसून रडली, मीही रडले. थोड्या वेळाने नाक पुसून तिने पेन मागितलं आणि तुमच्या रेघा भरायला घेतल्या. "आई, बाबांना हेपण कळलं नाही? इतकं सोपं होतं!" हसतही होती आणि ओरडतही होती. आठ महिन्यांनी घरात भांडण ऐकू आलं, बरं वाटलं.

रविवारी ती नवं गाणं रेकॉर्ड करणार आहे. मी म्हटलं, या वेळी जरा स्पष्ट म्हण बाई.

"मुळीच नाही," ती म्हणाली. "स्पष्ट म्हटलं तर बाबा एकदाच ऐकतील."

तेव्हा वही आता मी चालवणार. रेघा तुमच्यापेक्षा जास्त पडतील, पण अर्ध्यातून उठणार नाही. नक्की.

तुमची,
दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलेली,
सुनंदा