चव पाहणं म्हणजे खाणं नव्हे

२ मार्च, सोमवार

ही रोजनिशी लिहायला मला माझ्या उजव्या गुडघ्याने भाग पाडलं. गुडघा बदलायचा आहे. सर्जन म्हणाले, साखरेची तीन महिन्यांची सरासरी आठ पूर्णांक नऊ आहे, ती सातच्या खाली आणा, मग ऑपरेशन. आणि मला एका आहारतज्ज्ञ मुलीकडे पाठवलं.

मुलीचं नाव समीक्षा. वय सव्वीस असेल. मी बी.एस्सी. होम सायन्स झाले तेव्हा हिच्या आईचं लग्नही झालं नसेल. धुळ्याच्या मुलींच्या वसतिगृहात मी एकतीस वर्षं रेक्टर होते. मुलीच्या ताटाकडे एक नजर टाकून ती पुढे किती रुंद होणार ते सांगत असे. हे सगळं मी समीक्षाला सांगितलं. ती हो हो म्हणाली आणि मला काकू म्हणाली.

मी डाएट चार्ट मागितला. नाही दिला. आधी तुमच्या सवयी कळू द्या म्हणे, मग त्यांच्या मापाचा आहार बेतू. दुसऱ्याच्या मापाचा चार्ट कुणी महिनाभरही पाळत नाही म्हणे. दहा दिवस जे जे तोंडात जाईल ते लिहून आणा. मी सांगितलं, मला सवयी नाहीत. सवयी लोकांना असतात. मला शिस्त आहे.

घरी मुलगा स्वप्नील म्हणाला, आई, आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की, पुन्हा रक्त तपासू. तोवर आकडा खाली आला नाही तर स्वयंपाकघर नूतनकडे. नूतन म्हणजे सून. बँकेत आहे. वरणाला किती शिट्ट्या हे मोबाईलला विचारते. मी मोठ्याने हसले आणि मान्य केलं.

३ मार्च

समीक्षासाठी नोंद: सकाळी बिनसाखरेचा चहा. दुपारी एक कळण्याची भाकरी, मेथीची भाजी, काकडी. रात्री अर्धी भाकरी, मुगाचं वरण. बस.

या घरात सवयी कुणाला आहेत ते डोळ्यांसमोर आहे. स्वप्नील मोबाईल बघत जेवतो, मीठ नसलं तरी त्याला कळत नाही. नूतन ओट्याशी उभी राहून जेवते, बँकेला उशीर होतो म्हणून. मी पाटावर बसत नाही (गुडघा), पण टेबलावर ताट मांडून, बसून जेवते.

आहाराची माझी व्याख्या साधी आहे. ताटात वाढून, बसून घेतलं ते अन्न.

६ मार्च

कॉलनीत पापडांना सुरुवात. सुनंदाबाईंकडून अकराला बोलावणं आलं.

आमच्याकडे पीठ कुटून झालं की पहिल्या लाट्या (पिठाचे छोटे गोळे) कुणीतरी जाणतीने तेलात बुडवून कच्च्याच चाखायच्या, ती मान हलवेल तेव्हाच पोळपाट हलतात. या कॉलनीत ती मान माझी आहे. निवृत्त होऊन इथे आले तेव्हापासून. मी न चाखलेले पापड एका घरात झाले होते. ते तळताना लाल पडले. त्या घराचं नाव लिहीत नाही, पण तिथले पापड अजून कुणी मागत नाही.

एका लाटीवरून काही ठरत नाही. पहिली मिठासाठी. दुसरी पापडखारासाठी. तिसरी मिरीसाठी, कारण मिरी मागून लागते. चौथी पहिल्या तिघींचा एकत्रित विचार करण्यासाठी. सुनंदाबाईंना खार किंचित कमी आहे म्हटलं, त्यांनी वाढवला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

दुपारी भूक नव्हती. अर्धीच भाकरी खाल्ली. नोंद केली. संयम जमतो आहे.

११ मार्च

समीक्षाकडे गेले. तिने माझ्या नोंदी वाचल्या आणि म्हणाली, काकू, एवढंच खात असाल तर तुमची साखर सहा असायला हवी. मी म्हटलं, मॅडम म्हण. ती म्हणाली, बरं मॅडम, मधल्या वेळेत काय? मी म्हटलं, मधली वेळ आळशी लोकांना असते.

तिने माझ्या दंडावर एक बटणाएवढा पॅच चिकटवला. आत बारीक सुई आहे. साखर दिवसभर मोजत राहतो आणि मोबाईलवर रेघ काढतो. रेघ फार चढली की मोबाईल ओरडतो. माझा मोबाईल साधा, म्हणून रेघ नूतनच्या मोबाईलवर. या एका गोष्टीवरून मुलीची अक्कल कळली.

निघताना तिच्या टेबलावर डबा उघडा दिसला. पाण्यात फुगलेल्या काळ्या बिया. असलं खाणारी मला शिकवणार.

१२ मार्च

अकरा वाजून गेल्यावर नूतनचा बँकेतून फोन. आई, रेघ एकदम दोनशेच्या वर गेली, काय खाल्लं? मी म्हटलं, काही नाही. आणि ते सत्य आहे. मी ताटाला बसलेच नव्हते. मी सुनंदाबाईंच्या अंगणात उभी होते.

त्यांच्याकडे कुरडयांचा चीक शिजत होता. चीक शिजला की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. ज्यांना डोळ्यांनी कळतं त्यांच्या कुरडया तळताना तुटतात. वाटीत घेऊन, वर तूप-साखर घालून, जिभेवर ठेवावा लागतो. तूप-साखर नसेल तर गुठळी राहिली का ते कळत नाही. पहिल्या वाटीत गुठळी नव्हती. दुसरी वाटी पातेल्याच्या तळातली, कारण तळाचा चीक वेगळा असतो. होम सायन्समध्ये याला सॅम्पलिंग म्हणतात.

नूतनला एवढंच सांगितलं की पॅच उन्हाने तापतो.

१४ मार्च

पॅच उन्हाने तापतो हे सिद्ध झालं. पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज घातला, वर ओला रुमाल बांधला, आणि दिवसभर घरीच बसले. रेघ सपाट. नूतन म्हणाली, पण आई, आज तुम्ही कुणाकडे गेलाच नाहीत ना. बँकेत नोकरी करणाऱ्या बाईने निदान तर्क तरी शिकावा.

१७ मार्च

समीक्षाने बोलावलं. आलेख समोर ठेवला. रोज अकराच्या सुमारास उंट उभा राहतो. तिने हळूच विचारलं, मॅडम, पापडांचे दिवस आहेत, लाट्या खाता का? तिची आजीही नशिराबादला पापड करते म्हणे. मी म्हटलं, खात नाही. चव पाहते.

मग ती जे बोलली ते इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की मी ऐकून घेतलं नाही. ती म्हणाली, हीच तर तुमची सवय आहे, आणि ती मोडायची काही गरज नाही. आपण तीच धरून आहार बेतू. लाटी खा, पण एक. ताटात घेऊन, बसून. त्या दिवशी दुपारची भाकरी वगळा. फक्त ती खाण्यात मोजा.

गोड बोलली. पण डाव माझ्या लक्षात आला. चाखणं हे खाणं आहे असं मी एकदा मान्य केलं, तर वसतिगृहाच्या मेसमध्ये मी एकतीस वर्षं दोन वेळा जेवत होते आणि चार वेळा चाखत होते, म्हणजे सहा वेळा जेवत होते असं ठरेल. ज्या मुलींना मी दुसरी पोळी घेताना हटकलं, त्या आज आजी झाल्या असतील. त्यांना काय सांगू?

मी उठले. तिला म्हटलं, तुमचं शिक्षण अपुरं आहे.

२२ मार्च, धुळे

भाची मेघाने घर बांधलं, त्याची वास्तुशांत. वरण-बट्टीचा बेत. एरंडोलहून माझी थोरली जाऊ आली होती, भागाबाई अक्का. ऐंशी वर्षांची काडी. चार बट्ट्या तुपात बुडवून खाते आणि तिला काही होत नाही. अशा लोकांमुळे शास्त्राची बदनामी होते.

आचाऱ्याला वरणाचा अंदाज नव्हता, म्हणून मेघाने मलाच आत नेलं. वरणाची चव एकट्याने कळत नाही. वरण बट्टीवरच कळतं. बट्टी तुपाशिवाय कोरडी लागते आणि मग वरणावर अन्याय होतो. मी कामात असताना अक्का दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, कुमुद, तू चाखस का जेवस? मी म्हटलं, चाखते. ती म्हणाली, चाखाले इतली मोठी वाटी लागस का? बायका खो खो हसल्या. अडाणी माणसाशी वाद घालू नये.

पंगतीत मी मोजून एक बट्टी घेतली. सगळ्यांनी पाहिली. तेवढ्यात नूतनचा मोबाईल कोंबडीसारखा ओरडायला लागला. आचारीसुद्धा बाहेर आला. नूतनने तो पदराखाली दाबला, तर आतून ओरडतच राहिला. अक्का म्हणाली, तुन्ही बट्टी बोली राहिनी.

येताना गाडीत मी पारोळ्याच्या आसपास म्हटलं की आचाऱ्याने वरणात गूळ जास्त टाकला होता. स्वप्नीलने गाणी लावली.

२६ मार्च

पॅचची मुदत संपली. नवा आला. मी शास्त्रीय मागणी केली: दोन पॅच आणा, एक नूतनला लावा. तुलना झाल्याशिवाय प्रयोग होत नाही. स्वप्नीलने कुरकुर करत आणला.

२ एप्रिल

नूतनची रेघ आठवडाभर सपाट. याचा अर्थ सरळ आहे. तिच्या शरीरात काही घडतच नाही.

६ एप्रिल

त्रेचाळीस डिग्री. आज आमच्या घरचे पापड. पाच किलो उडीद. कॉलनीतल्या आठ जणी आल्या. मी खुर्चीवर बसून देखरेख केली. बायका लाटताना लाट्या तोंडात टाकतात ही जुनी खोड. मी डोळ्यांत तेल घालून बसले होते, एकीचीही हिंमत झाली नाही.

गुडघा फार ठणकला. सुनंदाबाईंनी हात धरून न्हाणीपर्यंत नेलं. परत येताना त्यांनी विचारलं, ऑपरेशन कधी? मी म्हटलं, मे. त्या म्हणाल्या, झालं की आपण पद्मालयाला जाऊ, गणपतीच्या पायऱ्या चढू. मी म्हटलं, जाऊ. तिथे शेवटची गेले ती हे असताना.

आजपासून नियम कडक. कुणी बोलावलं तर फक्त वासावरून सांगायचं.

८ एप्रिल

वासावरून मीठ कळत नाही.

१९ एप्रिल, रविवार

आखाजी. माहेरवाशिणी, झोके, गाणी. ताटात मी खापरावरच्या पुरणाच्या मांड्याचा चतकोर आणि दोन चमचे आमरस घेतला. नूतनने मोबाईलवर फोटो काढला, पुरावा म्हणून. काढू दे.

रसासाठी आंबे सकाळी मीच पिळले. आंब्यांच्या बाबतीत लोक फार निष्काळजी असतात. एक आंबा चाखतात आणि अख्ख्या पेटीबद्दल मत बनवतात. प्रत्येक आंबा वेगळ्या फांदीचा. एक आंबट निघाला की सगळा रस नासतो. मी एकही आंबा न तपासता पातेल्यात जाऊ दिला नाही. रसाचं सगळ्यांनी कौतुक केलं.

परवा रक्त. मला खात्री आहे. ताटातला आहार निम्म्यावर आला आहे. गणित चुकत नाही.

२१ एप्रिल

रक्त दिलं. संध्याकाळी रिपोर्ट. नऊ पूर्णांक तीन.

लॅब रेल्वे स्टेशनजवळ आहे, गाड्या जाताना यंत्रं हलत असणार. दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा रक्त द्यायचं ठरलं.

२२ एप्रिल

दुसरी लॅब जास्तच निष्काळजी निघाली. नऊ पूर्णांक चार.

सर्जनचा फोन स्वप्नीलने घेतला. मे रद्द. पावसाळ्यानंतर बघू म्हणाले. स्वप्नील मला काहीच बोलला नाही. तो बोलला असता तर मी उत्तर दिलं असतं. उत्तर तयार होतं. तो फक्त माझ्या खुर्चीला आणखी एक उशी लावून गेला.

नूतन समीक्षाकडे जाऊन आली. या वेळी त्या मुलीने चार्ट दिला. मी चष्मा लावून वाचला. भाकरी, भाज्या, वरण, सगळं मला माहीत असलेलंच. मध्येच एक ओळ: सकाळी अकरा वाजता, एक लाटी, ताटात, बसून. उन्हाळा संपला की तिच्या जागी बेसनाची एक पाटोडी. म्हणजे चुकीच्या यंत्राच्या जोरावर तिने माझी सवय ठरवूनही टाकली.

२३ एप्रिल

मी शब्दाची पक्की आहे. आकडा चूक असला तरी शब्द बरोबर होता. सकाळी दहा वाजता, कुणी न सांगता, स्वयंपाकघर नूतनच्या स्वाधीन केलं. नोंद अशी:

मिसळणाचा डबा, भरलेला. काळा मसाला, मोठी बरणी एक. खापर एक, न तडकलेलं. कुरडया, दोन पिंपं. ज्वारीचे बिबडे, एक पिंप. उडदाचे पापड, दोन डबे. नूतनने ते वजनकाट्यावर ठेवले, बँकेची सवय. पाच किलो पिठाचे पापड चार किलो भरले. यंदा ऊन फार कडक होतं.

तेलाची किटली, तुपाचा डबा आणि गुळाची ढेप तिने वरच्या फळीवर ठेवली. स्टुलावर चढल्याशिवाय हात पोहोचत नाही.

त्यानंतर कोपऱ्यावरच्या झुंबरबाईंची सून आली. त्यांचं पीठ कुटून तयार होतं. मी खुर्चीतून उठायला लागले. ती म्हणाली, बसा काकू, मी नूतनताईंना न्यायला आले. नूतन गेली आणि दहा मिनिटांत परत आली. म्हणाली, एकाच लाटीत कळलं.

अकरा वाजता मला मिळालं: ताट एक. त्यात लाटी एक, झुंबरबाईंकडची. बसून घेतली.

मीठ कमी होतं. कुणी विचारलं नाही.