रागावेल तीच खरी

३ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा तेच! 'मैडम, कौन सा कॉइन डबल होगा?' सकाळी एकाने विचारलं, दुपारी दुसऱ्याने, संध्याकाळी पहिल्यानेच परत. आमच्या क्रिप्टोच्या ग्रुपमध्ये दोन हजार माणसं आणि अक्कल सगळ्यांनी मिळून एकच आणलेली — तीही घरी विसरले असावेत.

नवीन लोकांसाठी नियम लिहून मी सगळ्यात वर लावून ठेवलेत. उधारीच्या पैशाने कॉइन घेऊ नका. 'गॅरंटी' म्हणणारा चोर समजा. कॉइनचं ऑनलाइन पाकीट उघडताना बारा शब्द मिळतात, ती तुमच्या तिजोरीची किल्ली, सख्ख्या भावालाही सांगू नका. अ‍ॅडमिन (म्हणजे मी) तुम्हाला आधी मेसेज करत नाही, कधीच नाही. एवढं वाचायला पाच मिनिटं लागतात. कोणी वाचत नाही!

माझ्यासोबत ग्रुप सांभाळणारा चिराग म्हणतो, 'दीदी, रोमन में है ना, थोड़ा हिंदी अक्षरों में डाल दो।' त्याचं सदर बाजारात मोबाइलचं दुकान, गिऱ्हाइकांना हो-हो करायची सवय. ग्रुपची पाटीही त्यानेच काउंटरवर लावलीय, माझ्या फोटोसकट. मी म्हटलं, ज्याला इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत त्याने इथे पैसे घेऊन येऊच नये.

५ नोव्हेंबर

नवीन माणूस लांबून ओळखता येतो. पहिल्या दिवशी 'जय हिंद दोस्तों'. दुसऱ्या दिवशी एखाद्या कुत्र्याच्या नावाचं कॉइन घेतो. चौथ्या दिवशी आम्हाला शिकवायला लागतो. दहाव्या दिवशी 'स्कैम है, सब स्कैम है' करून निघून जातो. जाताना नियम कोणी वाचलेले नसतात, ते वेगळंच.

जेवताना बाबांनी विचारलं, "अपर्णा, हे बिटकॉइन काय असते वं?" रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत आयुष्य गेलं त्यांचं. मी म्हटलं, "बाबा, आपके काम की चीज़ नहीं है।" "बरं," म्हणाले आणि भात कालवत बसले. आई नागपूरला दादाकडे गेली आहे, वहिनीचं बाळंतपण आहे. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच आणि दोघांच्या हातात फोन. त्यांना अजून माझ्याशी मराठीच बोलायचं असतं. मला मराठी समजते, पण तोंडातून हिंदी निघते. मराठी उरलीय ती फक्त या पानांवर. लिहायला बाबांनीच शिकवलं होतं, इथल्या हिंदी शाळेत कुठली आलीय मराठी!

परत म्हणत होते, यंदा वरची खोली बांधून काढू, तुला ऑफिसचं काम घेऊन बसायला होईल. पैसे साठवलेत म्हणे. दरवर्षी म्हणतात.

८ नोव्हेंबर

आज एक नमुना आला. नाव 'मुसाफिर'. फोटोच्या जागी गुलाब. आल्या आल्या सुप्रभातचं चित्र टाकलं! मी काढून टाकलं. मग देवनागरीत — 'मैडम जी, सादर नमस्कार। बारह शब्द लिखकर आए हैं। इनका क्या करना होता है?'

म्हणजे बघा. पैसे भरून मोकळा, पाकीट उघडून मोकळा, आणि किल्लीचं काय करायचं ते आता विचारतोय. मी लिहिलं, 'ऊपर नियम लगे हैं। आँखें हैं ना?' पन्नासेक जण हसले. त्याने हात जोडल्याचं चित्र टाकलं.

मजा आली, खोटं कशाला लिहू.

९ नोव्हेंबर

मुसाफिरचा पुन्हा गुलाब. आठवडाभर तोंड बंद केलं त्याचं.

१२ नोव्हेंबर

कोणी हरामखोराने माझ्या नावाने खातं काढलंय. माझाच फोटो, माझंच नाव, शेवटी फक्त एक टिंब जास्त. नवीन लोकांना एकेकट्याला मेसेज करतो — 'मैं अपर्णा मैडम, कोई दिक्कत हो तो बताइए।' अ‍ॅपच्या कंपनीकडे तक्रार केली, उत्तर नाही.

ग्रुपमध्ये सूचना टाकली. लगेच एक शहाणा विचारतो, 'तो असली मैडम कौन, कैसे पहचानें?' मी लिहिलं, 'जो डाँटे, वही असली।' काय हसले सगळे! दिवसभर तेच वाक्य फिरत होतं.

चिरागचा फोन आला. ही सूचना तरी देवनागरीत टाका, नवीन लोकांना एकदा फोन करा, 'बुज़ुर्ग लोग भी हैं दीदी।' मी काय अंगणवाडी चालवते? रविवारीही घरी बसून फुकट करते हे सगळं. हात धरून चालवायचं असेल तर त्यांनी पोस्टात पैसे ठेवावे.

१५ नोव्हेंबर

बाबा सध्या फार खुशीत. पुरानी बस्तीतल्या त्यांच्या जुन्या न्हाव्याकडे जाऊन केस कापून आले. दुपारी ओसरीत फोन घेऊन बसतात आणि गालातल्या गालात हसतात. नातवंडाचे फोटो असतील म्हणावं तर अजून झालंच कुठे!

संध्याकाळी मी ऑफिसमधून आले तर दारातच, "जेवली काय दुपारी?" "हाँ।" "डब्बा परत आणला काहून मंग?" मी फोनवर होते. थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "तू लोकायशी मोठी चांगली बोलतेस वं. तसंच बोलावं माणसानं." मी म्हटलं, "कौन लोग?" तर हसले आणि चहा ठेवायला गेले. या वयात डोकं जरा हलतंच.

१७ नोव्हेंबर

त्या टिंबवाल्याने तिघांना धुतलं. तिघेही नवीन. तिघांनीही बारा शब्द स्वतःच्या हाताने दिले! मला कीव येत नाही. नियम वर लावलेले होते.

१९ नोव्हेंबर

चौथा निघाला. कोण? आपला गुलाबवाला मुसाफिर!

त्याने चिरागला लिहिलं, 'भैया, पैसे दिख नहीं रहे। मैडम जी से पूछ देना, पर वो नाराज़ न हों।' चिरागने सगळं संभाषण मागून घेतलं आणि मला पाठवलं. वाचून हसावं की डोकं फोडावं कळेना. टिंबवाला — 'अंकल जी, उस दिन सबके सामने डाँट दिया, माफ़ कीजिए।' मग रोज दुपारी, 'खाना खाया अंकल जी?' हा — 'हाँ बेटा, खिचड़ी बनाई थी। आपने खाया?' चोराला वेळ भरपूर! आणि सगळं देवनागरीत, मोठ्या अक्षरांत. गुडघ्याचं दुखणं, हवा, खिचडीत लसूण घालावा की नाही. एका ठिकाणी मुसाफिर लिहितो, 'आपके पिताजी बड़े नसीब वाले हैं।' टिंबवाला — 'मैं पापा से बहुत प्यार करती हूँ अंकल जी।' किती तो मस्का! आणि आठव्या दिवशी 'वेरिफिकेशन के लिए बारह शब्द भेज दीजिए।' याने एकेक करून बाराही पाठवले, वर 'कष्ट दिया, क्षमा करना बेटा।'

चिराग म्हणाला, 'दीदी, अंकल से एक बार बात कर लो।' मी कशाला? मी बात केली तर त्याला वाटेल चूक माझी आहे. त्यापेक्षा बाकीच्यांना तरी धडा मिळू दे. उद्या लावतेच.

२० नोव्हेंबर

लावला. 'नए लोगों के लिए सबक'. मुसाफिरचं अख्खं संभाषण, नाव न झाकता, आणि खाली माझे शेरे, नेहमीसारखे रोमनमध्ये. 'मीठी आवाज़ सुनी और तिजोरी खोल दी।' 'ऐसे लोग बाज़ार में सब्ज़ी लेने भी अकेले न जाएँ।' तीनशेच्या वर हसरे चेहरे. माझं लिहिलेलं इतकं आजवर कधीच चाललं नव्हतं.

२१ नोव्हेंबर

काल वरचं लिहून वही मिटली आणि बाबा खोलीत आले. चष्मा हातात, फोन हातात. मी म्हटलं, "क्या हुआ?" ते पलंगाच्या कडेवर बसले.

म्हणाले, "खालचं येवढं वाचून दाखवते काय? मले इंग्रजी अक्षरातली हिंदी वाचता नाही येत. लोकं हासून राहिले. अन् माह्यं नाव दिसून राहिलं."

फोन माझ्या हातात दिला. माझीच पोस्ट होती. वर गुलाब. मुसाफिर.

"तुम्ही?" मी म्हटलं.

"हव," म्हणाले. चिरागच्या दुकानात कव्हर घ्यायला गेले होते, काउंटरवर माझा फोटो पाहिला. दुकानातल्या मुलाकडून ग्रुपमध्ये नाव घालून घेतलं, पैसे कसे टाकायचे ते समजून घेतलं. वरच्या खोलीचे पैसे होते. "आता पैसे काहून दिसत नाहीत ते तूच सांग. तुलेच त दिले ते शब्द."

मी वाचून दाखवलं नाही. खोटं बोलले, म्हटलं काही नाही, असंच आहे. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि फोन हळूच परत घेतला. मग म्हणाले, "ते तू नव्हती काय वं?"

मी नव्हते, अशी मान हलवली.

पोस्ट काढली. सकाळी सायबर पोलिसांच्या नंबरवर तक्रार नोंदवली, तिथल्या माणसाने विचारलं, 'नियम नहीं पढ़े थे क्या अंकल ने?' गेलेले कॉइन परत येत नाहीत, हे मला माहीत आहे. नवीन लोकांना मीच सांगत असते. ग्रुपमध्ये 'जो डाँटे, वही असली' अजून कोणीतरी टाकतंय. मला स्वतःची किळस आली.

२२ नोव्हेंबर

आज मराठीत विचारलं. "बाबा, इतके दिवस रोज बोलत होतात. मीच आहे असं वाटत होतं ना? मग एकदाही का नाही सांगितलं, की मी तुझा बाबा आहे?"

तांदूळ निवडत होते. वर पाहिलं नाही.

"सांगतलं असतं त तू बोलणं बंद केलं असतं."