परक्या चार्जरवर बाबा

पोयेनित्सा, शुक्रवार दुपार

आदरणीय रेमुसदादा,

तुमची बहीण साविना हिचा नवरा लिविउ याचा सविनय नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला 'आम्ही सगळे खुशाल' असं लिहायची आपल्याकडे रीत आहे. सगळे म्हणवत नाही, कारण बुधवारी बाबांना माती दिली, ते तुम्हाला फोनवर कळलंच आहे. बाकीचे खुशाल. साविनाचा गुडघा थंडीत धरतो. आईंचं दोन घास का होईना, जेवण होतंय. तिकडे परदेशात, वेल्वाला, स्ट्रॉबेरीची लागवड आटोपली असेल. तुमची पाठ कशी आहे? गरम विटेने शेका, असा निरोप आहे. (निरोप साविनाचा. आई सध्या तुमच्याबद्दल काही बोलत नाहीत.)

आता रागावणार नसाल तर मुद्द्याचं लिहितो. शववाहिनी घ्यायची तर विजेची घे, हा सल्ला तुमचा. फोनवर तासभर समजावलंत मला. लिविउ, मेलेल्या माणसाला आवाज नको असतो, असं म्हणालात. मला पटलं. (मला म्हणजे साविनाला.) गाडी घेतली. काळी, लांब, रुबाबदार, आणि खरंच आवाज नाही. आजवर गावातल्या गावात तिने पुष्कळ लोकांना पोचवलं, एकाचीही तक्रार नाही. पण तिमिश्वाराच्या इस्पितळातून घरच्याच माणसाला डोंगरात न्यायची वेळ तिच्यावर पहिल्यांदा आली, आणि तिने माझी अब्रू चव्हाट्यावर मांडली.

त्या दिवशी काय पणाला लागलं होतं ते आधी सांगतो. आपल्यात घरच्यांनी खांदा द्यायचा नाही. परक्यांनी द्यायचा, आणि देणाऱ्याला टॉवेल द्यायचा. आता पोयेनित्सात धडधाकट परके उरलेत किती? ग्लिगोरला हर्निया, त्याच्या भावाला दिसत नाही, उरलेले तुमच्या मळ्यावर. माझ्या धंद्यातली दोन पोरं खांद्याला पक्की होती, तीही सप्टेंबरात तुम्हीच बोलावून घेतलीत. (घेतलीत ते घेतलीत, निदान मला एका शब्दाने सांगायचं होतं.) त्यात खड्डा सकाळीच खणून तयार. उघडा खड्डा रात्रभर राहिला की तो त्या घरातलं आणखी एक माणूस मागतो. तुम्ही हे मानत नसाल, आई मानतात. वयाने आता घरात पुढचा नंबर कोणाचा, हे त्यांना कोणी सांगायला नको. म्हणजे सूर्य डोंगराआड जायच्या आत बाबा खाली जायला हवेत, आणि न्यायला खांदे हवेत. खांद्यांचं मी बघतो, असं मी बोलून बसलो होतो. काय बघणार होतो, देव जाणे.

निघालो तेव्हा बॅटरी भरलेली होती. पण पुढे आईंसाठी हीटर आणि मागे बाबांसाठी गारवा, दोन्ही एकाच बॅटरीवर. हीटर कमी करावा तर आई कुडकुडणार, गारवा कमी करावा तर... असो. माझं नेहमीचं चार्जिंगचं ठिकाण गाठलं तर दोन्ही यंत्रं बंद, वर प्लास्टिक गुंडाळलेलं. मी घाटाकडे बघितलं, बॅटरीच्या आकड्याकडे बघितलं, आणि फोनवर दुसरं ठिकाण शोधायला लागलो. मग कळलं, पुढच्या फाट्यावर एका दुसऱ्या कंपनीची यंत्रं आहेत, आणि त्या कंपनीने हल्ली परक्या गाड्यांनाही दार उघडलंय. दार उघडलंय खरं, पण पाहुण्याने बसायचं कुठे, याचा विचार कोणी केलेला नाही. त्यांच्या गाड्यांची वीज भरायची जागा मागे डावीकडे असते आणि केबल तेवढीच, हातभर. आपली जागा पुढे उजवीकडे. गाडीचं नाक आत घालून पाहिलं, पोचेना. उलटी घालून पाहिली, पोचेना. शेवटी गाडी आडवी लावली. तीन गाड्यांची जागा अडवून बाबा पसरले. हयातीत बाकावर बसायचे तसेच.

पुढे ते ॲप. नाव, गाव, कार्ड, कार्डाची खात्री, खात्रीची खात्री. आई शेजारून विचारतायत, 'ते काय विचारतंय?' मी म्हटलं, आपण कोण ते विचारतंय. त्या म्हणाल्या, 'मग सांग की, लाजतोस कशाला!' एकदाची वीज सुरू झाली आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटलं: 'स्वागत असो, लिविउ! वेळ मजेत घालवा!' मी टोपी काढून त्यावर धरली.

एव्हाना त्या कंपनीच्या गाड्या येऊन थांबायला लागल्या होत्या. पहिल्याने हॉर्न मारला. मग मागच्या काचेतून शवपेटी दिसली असावी, कारण दुसरा हॉर्न अर्ध्यातच थांबला आणि तो उतरून छातीवर क्रॉसची खूण करत उभा राहिला. तो दातांचा डॉक्टर, ओविदियू. मग आणखी दोघे आले, आणि क्रिना नावाची एक बाई, पायात पळायचे बूट. चौघेही हात बांधून उभे. शिव्या दिल्या असत्या तर उत्तर तरी देता आलं असतं. शेवटी डॉक्टर हळूच म्हणाला, गाडी जरा सरळ नाही का होणार? मी म्हटलं, केबल पोचत नाही. अजून किती वेळ? आईंनी काच खाली केली. 'घाईत आहेस का बाळा? हेही घाईत आहेत.'

आणि त्या खाली उतरल्या. तुम्हाला ठाऊकच आहे, मेलेल्याच्या वाटेवर जकातीसारखे नाके लागतात आणि प्रत्येक नाक्यावर जिवासाठी काहीतरी देऊन सुटायचं असतं. आजवर मी ते नाके पुलावर पाहिले, चौकात पाहिले. आईंनी वर बघितलं, त्या पांढऱ्या खांबांची रांग बघितली, आणि म्हणाल्या, 'नाकाच आहे हा, दुसरं काय! अडवतात, कोण ते विचारतात, दिल्याशिवाय सोडत नाहीत.' त्यांनी पिशवी उघडली आणि चौघांच्या हातात एकेक गोल पाव, एकेक मेणबत्ती आणि एकेक टॉवेल ठेवला. चौघांनी वाकून घेतलं, देव त्यांना क्षमा करो म्हणाले. शहरातली माणसं, पण विसरली नव्हती. मग आई म्हणाल्या, 'टॉवेल घेतलात ना? चला तर मग. खांदा द्यायला पोयेनित्साला.'

डॉक्टरचं तोंड उघडंच राहिलं. (दातांचा डॉक्टर असून.) तो म्हणाला, आजी, आम्ही त्यांना ओळखतसुद्धा नाही. आई म्हणाल्या, 'तेच बरं. ओळखत असतास तर आला नसतास.' क्रिनाने विचारलं, बाईने खांदा दिलेला चालतो का? आईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, 'आजपासून चालतो.' रेमुसदादा, एकाने तरी टॉवेल परत करावा! नाही केला. एकाची मीटिंग होती, त्याने तिथेच फोन करून घरात मयत झालंय म्हणून सांगितलं.

मग आम्ही वर चढलो. पुढे मी, मागे चार गाड्या, आणि पाचांपैकी एकीचाही आवाज नाही. ग्लिगोर घंटेजवळ बसून इंजिनाच्या आवाजाची वाट बघत होता; आम्ही त्याच्या पाठीमागून देवळाच्या दारात पोचलो तरी त्याला पत्ता नाही. (तुमची शांतता!) मी खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो किंचाळला आणि मग घंटा अशी काही वाजवली की पलीकडच्या गावातले लोक बाहेर आले. चिखल होता. डॉक्टर दोनदा घसरला, पेटी हलली नाही. क्रिना सगळ्यांत पुढे होती. पाद्रीबाबांनी 'चिरंतन स्मरण असो' म्हटलं तेव्हा ऊन फक्त वरच्या कुंपणाला उरलं होतं. पहिली माती पडली आणि आईंनी सुस्कारा सोडला. मी धंद्याने रोज हे बघतो, पण मी रडलो. बाबांनी मला कधी धड जावई म्हटलं नाही, तरी रडलो.

परत जायला चौघांकडे वीज नव्हती. घरोघरच्या खिडक्यांतून वायरी काढून गाड्या लावल्या, त्या सकाळपर्यंत भरत बसल्या, तोवर माणसं गावात. कोबीच्या पानांत गुंडाळलेले सारमाले संपले, प्लमची दारू संपली, ग्लिगोरने डॉक्टरकडून दात तपासून घेतले. तुमच्या घराच्या खिडक्या उघडल्या, गाद्या काढल्या. इतकी तरुण माणसं गावात एका वेळी मी पुष्कळ वर्षांत पाहिली नव्हती.

तर कंपनीला कळवा म्हणणार होतो की केबल लांब करा. पण आता कळवत नाही. केबल लांब असती तर मी निमूट वीज भरून निघून आलो असतो, आणि बाबांना उचललं कोणी असतं?

साविनाचा नमस्कार. पाठ सांभाळा.

तुमचा,
लिविउ

ता. क. गाडीबद्दल वर जे लिहिलंय ते मनाला लावून घेऊ नका. विकणार नाही. डॉक्टरने आपल्या आजीसाठी आत्ताच सांगून ठेवलंय. आजी ठणठणीत आहे, पण त्याला गाडी आवडली.

आणखी ता. क. खरं म्हणजे एवढंच लिहायचं होतं, पण धीर होईना म्हणून वरचं सगळं लिहीत बसलो. आईंनी त्या चौघांचे नंबर माझ्याकडून आपल्या फोनमध्ये घालून घेतले. कशाला विचारलं, तर म्हणाल्या, 'माझ्या वेळेला.' मी भीत भीत विचारलं, आणि रेमुसदादांना काय कळवू? त्या घेवडा सोलत होत्या. हातातली शेंग सोलून टाकली. मग म्हणाल्या, 'त्याला सांग, पोराला काही उचलावं लागत नाही. नुसतं मागून चालायचं असतं. तेवढं जमेल का, विचार.'

म्हणून विचारतो.